बॅकटेस्टमधले ३१ टक्के आणि बाबांचे १२ लाख

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी ३६ वर्षांचा. जळगावला एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो, हातात ४२ हजार पडतात. गेलं वर्षभर रात्री जागून शेअर खरेदी-विक्रीचा एक नियम बसवलाय. निफ्टी ५० (एनएसई या शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) मधला शेअर मागच्या ३४ दिवसांच्या उच्चांकाच्या वर बंद झाला की घ्यायचा. मागच्या १३ दिवसांच्या नीचांकाखाली बंद झाला, किंवा खरेदी भावापासून ७ टक्के खाली आला, की विकायचा. एका वेळी जास्तीत जास्त दहा शेअर, प्रत्येकात सारखी रक्कम. निफ्टीची सध्याची यादी घेतली, इंटरनेटवरून फुकट मिळणारे जुने भाव उतरवले, मित्राने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून दिला. जानेवारी २०१४ ते डिसेंबर २०२४ या काळातल्या जुन्या भावांवर नियम चालवून चाचणी, म्हणजे बॅकटेस्ट, घेतली. दिवसांचे आणि स्टॉप-लॉसचे (किती टक्के पडल्यावर विकायचं त्याचे) ३०० वेगवेगळे मेळ लावून पाहिले, त्यात हा सगळ्यांत सरस निघाला. वर्षाला ३१ टक्के परतावा, सर्वांत मोठी घसरण १४ टक्के. वर्षाला सरासरी १३० सौदे होतात.

बाबा गेल्या वर्षी निवृत्त झाले, वय ६१. त्यांचे १२ लाख बँकेत पडून आहेत. 'तू म्हणशील तसं करू' म्हणतात. ते यात लावून दिवाळीनंतर नोकरी सोडायचं मनात आहे. बायको म्हणते, कागदावर सगळ्यांचंच बरोबर येतं. मित्र म्हणतो, शेअर कशाला, हाच नियम बँक निफ्टीच्या वीकली ऑप्शनला (बँकांच्या निर्देशांकावरच्या, आठवड्यात संपणाऱ्या करारांना) लाव, आठवड्याला टक्का कुठे गेला नाही. ऑफिसातले दोघंही पैसे द्यायला तयार आहेत. माझ्या चाचणीत कुठे चुकतंय का, ते सांगा.

— एक वाचक, जळगाव

उत्तर

नमस्कार. आधी सरळ उत्तर देते, मग कारणं. बाबांचे पैसे यात घालू नका आणि नोकरी सोडू नका. चाचणीत चुकतंय, आणि बऱ्याच ठिकाणी चुकतंय. बहुतेक चुका एकाच बाजूला झुकलेल्या आहेत, म्हणजे परतावा फुगवणाऱ्या.

पण तुम्ही केलेलं काम वाया गेलेलं नाही. नियम चार वाक्यांत लिहिता येतो, दुसऱ्या कुणी वाचला तर त्यालाही तेच सौदे मिळतील, आणि पैसे लावण्याआधी तुम्ही तो तपासायला बसलात. बाजारात उतरणारी बहुसंख्य माणसं एवढंही करत नाहीत. म्हणून मी तुमचं पत्र नुसतं 'नको' म्हणून मिटवणार नाही. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक सौद्याला एकच प्रश्न विचारायचा आहे: त्या दिवशी, त्या वेळी, मला एवढं माहीत होतं का, आणि मला त्या भावाला तो सौदा खरंच करता आला असता का?

सुरुवात यादीपासून करते, कारण सगळ्यांत मोठं भगदाड तिथे आहे.

तुम्ही निफ्टीची सध्याची यादी घेतलीत आणि तीच २०१४ पासून लावलीत. पण २०१४ साली ही यादी अस्तित्वातच नव्हती. ट्रेंट निफ्टीत आला ३० सप्टेंबर २०२४ ला, भाव कित्येक पटींनी वाढून झाल्यावर. बजाज फायनान्स आला २०१७ मध्ये, अदानी एंटरप्रायझेस २०२२ मध्ये. तुमचा प्रोग्रॅम मात्र २०१४ पासून हे शेअर घेतोय. निफ्टीत जागा मिळते तीच मुळी कंपनी मोठी झाल्यावर. म्हणजे पुढे कोण मोठं होणार हे तुम्ही प्रोग्रॅमला आधीच सांगून ठेवलंय, आणि मग त्याची परीक्षा घेताय.

आता उलटी बाजू बघा. मार्च २०१५ मध्ये डीएलएफ आणि जिंदाल स्टील निफ्टीतून बाहेर गेले, त्यांच्या जागी येस बँक आणि आयडिया सेल्युलर आले. आयडिया दोन वर्षांत बाहेर. इंडियाबुल्स हाउसिंग फायनान्स २०१७ ला आली आणि २०१९ ला गेली. येस बँक मार्च २०२० पर्यंत होती. यातली एकही कंपनी तुमच्या चाचणीत नाही. येस बँकेचा भाव ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. २१ सप्टेंबर २०१८ ला एका दिवसात तो जवळपास २९ टक्के पडला. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी शेअर ५६ टक्के खाली बंद झाला. तुम्ही म्हणाल, माझा नियम चढत्या भावात घेणारा आहे, तो तोवर बाहेर पडलेला असता. असेलही. पण पडझडीच्या त्या दोन वर्षांत मधूनमधून ज्या उसळ्या आल्या, ज्या नियमाला खऱ्या वाटल्या असत्या आणि दोन आठवड्यांत उलटल्या असत्या, त्या सगळ्या तुमच्या हिशेबातून आपोआप वगळल्या गेल्यात. बुडालेल्यांना बाहेर ठेवून काढलेली सरासरी नेहमीच छान दिसते.

याच यादीत आणखी एक गोष्ट लपलेली आहे, ती सहसा कुणी तपासत नाही. तेजीच्या दिवशी एकदम पंधरा-वीस शेअर ३४ दिवसांच्या उच्चांकावर बंद होतात. तुमच्याकडे जागा मोकळ्या आहेत तीन. मग प्रोग्रॅम कोणते तीन घेतो? नियमात तुम्ही ते लिहिलेलंच नाही. मित्राला तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल, तर बहुधा तो यादीच्या क्रमाने वरून खाली जातो, आणि एनएसईची यादी इंग्रजी वर्णानुक्रमाने असते. म्हणजे अदानी एंटरप्रायझेस, अदानी पोर्ट्स, अपोलो, एशियन पेंट्स, अ‍ॅक्सिस, मग तिन्ही बजाज. या अकरा वर्षांत त्यातल्या काहींनी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या ३१ टक्क्यांमधला बराच वाटा नुसत्या आद्याक्षराचा असू शकतो. यादी उलटी करून, टायटन-ट्रेंट-विप्रोकडून सुरुवात करून तीच चाचणी पुन्हा चालवा. मग क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखा बदलत शंभर वेळा चालवा. उत्तर ३१ वरून कधी १८ आणि कधी ३५ असं हेलकावत असेल, तर नियम अजून पुरा झालेला नाही.

आता भावाकडे येते. तुमचा संकेत बंद भावावर ठरतो आणि, माझा अंदाज आहे, प्रोग्रॅम खरेदीही त्याच बंद भावाला धरतो. तुमच्याकडच्या डेटातला एनएसईचा बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव नाही. दुपारी ३ ते ३:३० या अर्ध्या तासातल्या सौद्यांची ती भारित सरासरी आहे. म्हणजे तो कळतो बाजार संपल्यावर. त्यानंतर थोडा वेळ बंद भावाला सौदे करायची सोय असते हे खरं, पण उच्चांक तोडून बंद झालेला शेअर त्या भावाला विकायला समोर कुणी असेलच असं नाही. तेव्हा खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी ९:१५ ला उघडणाऱ्या भावाला धरा. प्रोग्रॅममध्ये ही एका ओळीची दुरुस्ती आहे. असा उच्चांक तोडलेला (ब्रेकआउट झालेला) शेअर दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा चढाच उघडतो, आणि तुमच्यासारख्या नियमाला ही एक ओळ फार महागात पडू शकते.

स्टॉप-लॉसचंही तेच. प्रोग्रॅममध्ये बहुधा असं लिहिलंय की दिवसाचा नीचांक स्टॉपच्या खाली गेला तर ७ टक्के तोटा धरून बाहेर पड. पण भाव स्टॉपवर थांबून तुमची वाट बघत नाही. २१ ऑक्टोबर २०१९ ला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं, म्हणून शेअर बाजाराला सुट्टी होती. त्याच दिवशी इन्फोसिसच्या हिशेबांवर आरोप करणाऱ्या निनावी पत्राची बातमी आली. २२ तारखेला बाजार उघडला तो थेट खालीच, आणि दिवसअखेर शेअर सुमारे १६ टक्के पडलेला होता. ज्याचा स्टॉप ७ टक्क्यांवर होता त्याला ७ टक्क्यांवर कुणी खरेदीदार मिळाला नाही. एचडीएफसी बँकेसारखा भारदस्त शेअरसुद्धा १७ जानेवारी २०२४ ला तिमाही निकालानंतर एका दिवसात ८ टक्क्यांहून जास्त पडला. म्हणून प्रोग्रॅममध्ये असं लिहा: उघडणारा भावच स्टॉपच्या खाली असेल तर विक्री उघडणाऱ्या भावाला. मग तुमची १४ टक्क्यांची 'सर्वांत मोठी घसरण' कुठे जाते ते बघा.

फुकटच्या डेटाबद्दल थोडं. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला आणि २८ तारखेला भाव साधारण निम्मा झाला. कुणाचंही नुकसान झालं नाही, हातातले शेअर दुप्पट झाले. डेटा बोनससाठी दुरुस्त केलेला नसेल तर प्रोग्रॅमला मात्र एका रात्रीत ५० टक्के तोटा दिसतो. बोनस आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक छोटे शेअर करणं) बऱ्याच ठिकाणी दुरुस्त केलेले असतात, पण कंपनीची विभागणी झाली की तिथे घोळ होतो. २० जुलै २०२३ ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली. रिलायन्सचा आदल्या दिवशीचा बंद भाव २,८४१.८५ रुपये, विशेष सत्रानंतरचा भाव २,५८० रुपये. मधला २६१.८५ रुपयांचा फरक हा जिओ फायनान्शियलच्या शेअरचा भाव ठरला, आणि तो शेअर रिलायन्सच्या प्रत्येक भागधारकाला मिळाला. रिलायन्स त्या आठवड्यात उच्चांकावर होता, म्हणजे तुमच्या नियमाने तो धरलेला असण्याची शक्यता दाट आहे. तुमच्या सौद्यांच्या यादीत तो दिवस उघडा आणि बघा, प्रोग्रॅमने तिथे ९ टक्क्यांचा खोटा तोटा मांडलाय का. ही एक चूक तुमच्या विरोधात गेलेली असेल, तीही दुरुस्त करा. चाचणी खरी व्हावी हा हेतू असेल तर दोन्हीकडच्या चुका काढायला हव्यात.

खर्चाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, आणि तुम्ही अकाउंट्समधले. १२ लाख दहा शेअरमध्ये म्हणजे प्रत्येकी १ लाख २० हजार. डिलिव्हरीवर (शेअर खात्यात घेऊन केलेल्या सौद्यावर) एसटीटी, म्हणजे शेअर सौद्यावरचा सरकारी कर, ०.१ टक्का, घेताना आणि विकतानाही: २४० रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के: १८ रुपये. एक्स्चेंजचे आकार, त्यावरचा जीएसटी, बाजाराची नियामक संस्था सेबीची फी आणि विक्रीच्या दिवशीचा डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचा आकार) मिळून पंचवीस-तीस. ब्रोकरेज शून्य धरलं तरी २८५ च्या घरात गेलं. मग तुम्हाला दिसलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यातला फरक येतो. तो एका बाजूला ०.१५ टक्के धरा, दोन्हीकडचे मिळून ३६० रुपये. एका सौद्याला एकूण ६४५, म्हणजे ०.५४ टक्के. किरकोळ वाटतं. पण वर्षाला १३० सौदे आणि दहा जागा म्हणजे सगळं भांडवल वर्षातून तेरा वेळा फिरतं. १३ गुणिले ०.५४, सात टक्के. तुमच्या ३१ मधले सात टक्के दरवर्षी इथेच जातात, शेअरने काहीही न करता. उरलेल्या नफ्यावर अल्पकालीन भांडवली लाभाचा कर, जो २३ जुलै २०२४ पासून १५ वरून २० टक्के झाला.

आता त्या ३०० मेळांकडे. तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत हे फार बरं झालं, कारण बहुतेक जण फक्त जिंकलेला मेळ सांगतात. समजा ३०० माणसांनी प्रत्येकी १० वेळा नाणं उडवलं. कुणाच्याही अंगी काही कसब नसताना त्यातल्या साधारण तिघांना ९ किंवा १० वेळा छापा पडेल, हे साधं गणित आहे. त्या तिघांना बाजूला काढून 'छापा पाडणारे' म्हणून त्यांच्यावर पैसे लावायचे का? तुमचे ३४, १३ आणि ७ हे आकडे ३०० मधून निवडून आलेत. ते चांगले असतीलही, पण त्यांची निवड ज्या डेटावर झाली त्याच डेटावरचा त्यांचा परतावा हा पुरावा होत नाही.

हे तपासायची एक सोपी वाट आहे. ३०० च्या ३०० निकालांचा तक्ता एक्सेलमध्ये मांडा, आडवे खरेदीचे दिवस, उभे विक्रीचे दिवस, आणि परताव्याप्रमाणे चौकोनांना रंग द्या. ३४ च्या आजूबाजूला, २८, ३०, ३८, ४२ वर परतावा जवळपास तसाच असेल, तर नियमामागे काहीतरी आहे असं मानायला जागा आहे. पण ३४ ला ३१ टक्के आणि ३० ला १३ टक्के असं असेल, तर तो एकटा उंच चौकोन योगायोग आहे. आणि स्वतःला सगळ्यांत वरचा आकडा सांगू नका. सगळे ३०० निकाल चढत्या क्रमाने लावून बरोबर मध्यावर येणारा आकडा सांगा. पुढे हाती येणार असेल तर त्याच्या आसपासचं काहीतरी येईल.

सुरुवातीची तारीख तुम्ही सहज निवडली असेल, 'दहा-अकरा वर्षं पुरेत' म्हणून. पण ती कुठे पडते बघा. जानेवारी २००८ मध्ये निफ्टीने ६,३५७ चा उच्चांक गाठला होता. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला तो २,२५२ पर्यंत कोसळला, २०१० च्या अखेरीला परत ६,३०० च्या वर गेला, २०११ मध्ये पुन्हा ओसरला. ३१ डिसेंबर २०१३ ला बंद झाला ६,३०४ वर. सहा वर्षं, आणि निर्देशांक होता तिथेच. तुमची चाचणी सुरू होते बरोबर दुसऱ्या दिवसापासून. तिथून ३१ डिसेंबर २०२४ ला निफ्टी २३,६४४ वर होता, म्हणजे वर्षाला सुमारे १२.८ टक्के, आणि लाभांश धरला तर १४ च्या आसपास. फक्त खरेदी करणारा कुठलाही नियम अशा चढत्या काळात शहाणा दिसतो. तुमच्या नियमाची खरी परीक्षा आधीच्या सहा वर्षांत आहे, जिथे उच्चांक तुटत होते आणि पुढच्याच महिन्यात फसत होते.

यात तुमचा एक फायदाही आहे. २०१४ च्या आधीच्या डेटाला तुम्ही अजून हात लावलेला नाही. तो कोरा ठेवा. वरच्या सगळ्या दुरुस्त्या आधी २०१४ ते २०२४ वर करा, आकडे पक्के करा, ते तारखेसह वहीत लिहा, आणि मगच २००४ ते २०१३ वर एकदा, फक्त एकदा, प्रोग्रॅम चालवा. निकाल वाईट आला म्हणून ३४ चे ३८ केलेत की तोही डेटा वापरून संपला. त्या काळासाठी भाव एनएसईच्या रोजच्या भावकॉपीतून (त्या दिवसाच्या सगळ्या भावांच्या फाइलीतून) घ्या. त्या त्या दिवशी ज्या कंपन्यांचे सौदे झाले त्या सगळ्या तिच्यात असतात, पुढे बुडालेल्याही. बोनस-स्प्लिटची दुरुस्ती तुम्हाला स्वतः करावी लागेल, काम किचकट आहे. निफ्टीत कोण कधी आलं आणि कोण गेलं याची निवेदनं एनएसईने वेळोवेळी प्रसिद्ध केलेली आहेत, त्यावरून प्रत्येक महिन्याची यादी बांधता येते. २००८ च्या यादीत तुम्हाला सत्यम, युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स भेटतील. सत्यमचा ७ जानेवारी २००९ हा, हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली आली तो दिवस सौद्यांच्या यादीत नीट बघा.

मित्राच्या वीकली ऑप्शनबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे विचार करण्याजोगं फारसं नाही. सेबीच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानंतर प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाचे वीकली ऑप्शन ठेवता आले, आणि त्याच नोव्हेंबरात बँक निफ्टीचे वीकली बंद झाले. म्हणजे मित्र जे सांगतोय ते आता बाजारात मिळतच नाही. निफ्टीची वीकली एक्स्पायरी (करार संपण्याचा दिवस) सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारची मंगळवारी आली, एका वेळी किमान घ्यावा लागणाऱ्या लॉटचा आकार बदलला, एसटीटी वाढला. जुन्या नियमांखालच्या बाजारावर केलेली चाचणी नव्या नियमांच्या बाजाराबद्दल फार कमी सांगते. आणि सेबीनेच २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांचे खरे हिशेब तपासले, तेव्हा फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ तोट्यात होते. मित्राला हे दाखवा.

ऑफिसातल्या दोघांचे पैसे घेऊ नका. दुसऱ्याचे पैसे सांभाळून बाजारात लावायला सेबीची नोंदणी लागते. तुमच्या नियमात कितीही दम असला तरी हे बदलत नाही.

आता नोकरी. घटकाभर धरून चालू की मी वर लिहिलेलं सगळं चुकीचं आहे आणि तुमचे ३१ टक्के शंभर टक्के खरे आहेत. १२ लाखांवर ३१ टक्के म्हणजे वर्षाला ३ लाख ७२ हजार, महिन्याला ३१ हजार. कर वेगळा. तुमचा पगार ४२ हजार आहे. म्हणजे स्वप्नातला परतावासुद्धा आज घर चालवतोय त्या पगाराला पुरा पडत नाही, आणि नफा सगळा काढून खाल्लात तर भांडवल १२ लाखच राहतं, महागाई मात्र चढत जाते. शिवाय नफा दर महिन्याला सारखा येत नाही. जानेवारी ते मार्च २०२० या दोन महिन्यांत निफ्टी १२,४३० वरून ७,५११ वर आला. अशा वेळी नियमाचं भांडवल ३० टक्के खाली गेलं आणि त्यातूनच किराणा, शाळेची फी, बाबांची औषधं काढावी लागली, तर बाजार परत वर येईल तेव्हा वर यायला भांडवलच उरलेलं नसेल. पगार चालू असताना माणूस नियम पाळू शकतो. घरखर्च त्याच खात्यातून जायला लागला की दहावा तोट्याचा सौदा आल्यावर अकरावा संकेत घ्यायला हात धजत नाही, आणि प्रोग्रॅमने मोजलेला मोठा नफा अनेकदा त्या अकराव्यातच असतो.

आणि बाबा. 'तू म्हणशील तसं करू' हा त्यांचा तुमच्यावरचा विश्वास आहे. बाजाराची जोखीम समजून दिलेली संमती ती नाही. त्यांना कधी आकडे मांडून विचारलंत का, की बाबा, यातले साडेतीन लाख वर्षभर दिसेनासे झाले तर चालेल का? वयाच्या ६१ व्या वर्षी हरवलेले पैसे परत कमवायला त्यांच्याकडे नोकरी नाही. त्यांच्यासाठी पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि मर्यादा ३० लाखांवर गेली. त्या दराने १२ लाखांवर तिमाहीला २४,६०० रुपये त्यांच्या स्वतःच्या खात्यात पडतात. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं तसाच राहतो, म्हणून जाण्याआधी चालू दर विचारून घ्या. थोडे पैसे अडीअडचणीसाठी हाताशी ठेवा, बाकीचे तिथे जाऊ द्या. आणि हे बोलणं बाबा, तुम्ही आणि तुमची बायको तिघांनी एकत्र बसून करा. कागदावर सगळ्यांचंच बरोबर येतं, हे तिने अगदी नेमकं ओळखलंय.

तुमचा नियम तुमच्या पैशांवर चालवायचा असेल तर माझी हरकत नाही, उलट दुरुस्त चाचणीतून तो तगला तर जरूर चालवा. पगारातून बाजूला काढलेले लाखभर रुपये, जे गेले तरी घराला धक्का लागणार नाही, तेवढेच. पहिले सहा महिने एक पैसाही न लावता रोज संध्याकाळी संकेत वहीत लिहा आणि सकाळी उघडणारा भाव समोर मांडा. मग खऱ्या पैशांनी सुरू करा, आणि दर सौद्याला प्रोग्रॅमने धरलेला भाव आणि ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा (सौद्याच्या पावतीवरचा) भाव शेजारी-शेजारी ठेवा. हे काम तुम्हाला अकाउंट्समुळे इतरांपेक्षा चांगलं जमेल. कधी थांबायचं तेही सुरू करण्याआधीच ठरवा: दुरुस्त चाचणीत सर्वांत मोठी घसरण २२ टक्के आली असेल, तर प्रत्यक्षात ३० टक्के झाल्यावर नियम बंद, असा आकडा लिहून ठेवा आणि तो बायकोलाही माहीत असू द्या.

तुलना मात्र शून्याशी करू नका, निफ्टीच्या इंडेक्स फंडाशी (निफ्टीतलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडाशी) करा. सगळे खर्च आणि कर वजा जाता तुमचा नियम १४ टक्के देत असेल, तर तेवढं त्याच काळात इंडेक्स फंडात एकदा पैसे टाकून, वर्षाला १३० सौदे न करता, मिळालं असतं. फरक राहिला तर किती आणि कुठल्या वर्षांत राहिला, ते वर्षवार मांडा. दोनच वर्षांनी सगळा नफा आणला असेल तर तीही माहिती महत्त्वाची आहे.

२००४ ते २०१३ चा निकाल आला की मला कळवा. परतावा, सर्वांत मोठी घसरण, आणि त्या घसरणीतून वर यायला लागलेले महिने, एवढे तीन आकडे पाठवलेत तरी पुरे. सौद्यांची यादी जोडलीत तर तीही वाचेन.